इंग्रजी धावते, मराठी चालते

इंग्रजीतले एक साधे, तीन अक्षरांचे क्रियापद आज विवेचनासाठी घेतले आहे. ते क्रियापद म्हणजे 'रन'. विषय ऐकून कोणी म्हणेल, यात व्याख्यान ते काय द्यायचे? चौथीतले पोरही सांगेल की रन म्हणजे धावणे. अडचण नेमकी तिथेच आहे. चौथीत एकदा हा अर्थ पाठ झाला की तो जन्मभर पुरेल अशा समजुतीने आपण निर्धास्त होतो, आणि पुढे केव्हातरी 'द हायवे रन्स थ्रू मौदा' असे वाक्य समोर आले की थबकतो. नागपूरहून भंडाऱ्याकडे आणि तिथून थेट कोलकात्याकडे जाणारा राजमार्ग मौद्यातून 'धावतो' म्हणजे काय? तो तर जागचा हलत नाही. धावतात त्या त्याच्यावरच्या मालमोटारी.

महाराष्ट्रात इसवी सन २००० पासून इंग्रजी पहिलीच्या वर्गात आले. म्हणजे आपल्या गावची आजची तरुण मुले दहा-दहा, बारा-बारा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेली आहेत. त्यांना अवघड शब्द येत नाहीत असे नाही. 'इलेक्ट्रिसिटी' येते, 'एन्व्हायर्नमेंट' येते. अडते ते रन, गेट, टेक, सेट अशा बारीक शब्दांपाशी. मोठ्या शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो, तो पाठ केला की भागते. बारक्या शब्दाचा संसार मात्र मोठा असतो.

किती मोठा, याचा अंदाज यावा म्हणून थोडी आकडेवारी सांगतो. ऑक्सफर्डचा थोरला इंग्रजी कोश १८८४ पासून भागाभागाने निघू लागला आणि १९२८ साली पुरा झाला. त्याचे विख्यात संपादक जेम्स मरे १९१५ सालीच वारले, त्यांना तो पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती, सुमारे ४३० अर्थांची. पुढे नव्या आवृत्तीसाठी 'रन'ची नोंद पुन्हा तपासली गेली. पीटर गिलिव्हर नावाच्या कोशकाराने त्या एका शब्दावर सुमारे नऊ महिने घालवले, आणि २०११ साली जाहीर झाले की क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ भरले. एका शब्दावर नऊ महिने! आपल्याकडे एवढ्या वेळात घर बांधून होते.

६४५ अर्थ पाठ करायचे नाहीत, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. कोणीही इंग्रज ते पाठ करीत नाही. झाडाच्या फांद्या मोजत बसण्यापेक्षा खोड कुठे आहे ते पाहिले की फांद्या आपोआप ओळखू येतात.

या शब्दाचे खोड म्हणजे पायांनी धावणे, असे आपण समजतो. जुन्या इंग्रजीत मात्र या क्रियापदाला 'वाहणे' हा अर्थही तितकाच होता. इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन, तिच्यात आजही 'रेन्नेन' म्हणजे धावणे आणि 'रिन्नेन' म्हणजे झिरपणे, वाहणे, असे दोन जुळे शब्द नांदतात. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते ज्या प्राचीन धातूशी जोडतात, त्याच धातूशी ते संस्कृतातल्या 'रीति' या शब्दाचेही जोडतात, आणि वेदकाळी 'रीति'चा एक अर्थ प्रवाह असाच होता. तेव्हा कन्हान नदीबद्दल 'द रिव्हर रन्स' म्हटले तर तो कविकल्पनेचा अलंकार नव्हे, तो त्या शब्दाचा मूळचा धंदा आहे. हे ध्यानात आले की कितीतरी 'विचित्र' वाटणारे प्रयोग सरळ होतात. सर्दी झाली की इंग्रजाचे नाक 'रन' होते, आपले वाहते. नळ उघडा राहिला की तोही 'रन' होतो. नवे लुगडे धुतले आणि रंग सुटला, तर रंगही 'रन' झाला. नाक, नळ, रंग, शाई, आसवे, जे जे पातळ आहे ते ते इंग्रजीत धावत नसून वाहत असते. शाळेत आपण पायांपासून सुरुवात करतो आणि पाण्याला विसरतो, म्हणून गोंधळ होतो.

आता या पाण्याच्या अर्थावरून आपल्या शेतात जाऊ. मौदा तालुक्याच्या मोठ्या भागातले धान पेंचच्या कालव्यावर पिकते. त्या कालव्याविषयी दोन इंग्रजी वाक्ये पाहा. 'द कॅनल रन्स बिसाइड द रोड' हे पहिले, आणि 'द कॅनल इज रनिंग' हे दुसरे. क्रियापद एकच आहे. पण पहिले वाक्य मे महिन्यात, कालव्याच्या तळाला भेगा पडल्या असताना आणि पोरे त्यात क्रिकेट खेळत असतानाही खरे असते. त्याचा अर्थ एवढाच की कालवा रस्त्याच्या कडेकडेने गेलेला आहे. दुसरे वाक्य खरे व्हायचे तर कालव्याला पाणी सुटलेले असले पाहिजे. बांधीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे ते सांगायला नको. राजमार्ग मौद्यातून 'धावतो' तो याच पहिल्या अर्थाने. रांग, रेषा, भिंत, सीमा, तारेचे कुंपण, जे जे लांबवर पसरलेले आहे ते इंग्रजीत 'रन' होते. पाण्याचा ओघ डोळ्यांपुढून सरकत जातो, तशी इथे पाहणाऱ्याची नजरच वस्तूवरून सरकत जाते. आपण अशा ठिकाणी 'जाणे' वापरतो. रस्ता जातो, वाट जाते, तार जाते. म्हणजे निश्चल वस्तूला हलवण्याची खोड आपल्यालाही आहे, फक्त आपण तिला धावायला लावत नाही.

'रन्स' आणि 'इज रनिंग' यांतला भेद विद्यार्थ्यांना शिकवताना व्याकरणातले चालू काळाचे आणि साध्या काळाचे कोष्टक पुढे केले जाते. नागपूरकडच्या मुलाला त्या कोष्टकाची गरज कमी पडावी, कारण त्याच्या घरच्या बोलीत तो भेद अगदी ठसठशीत आहे. पंप दुरुस्त आहे ना, असे विचारायचे तर आपण म्हणतो, 'मोटर चालते का?' आणि या घडीला सुरू आहे का, असे विचारायचे तर म्हणतो, 'मोटर चालून राहिली का?' हे 'चालून राहिली' पुण्याच्या कानाला खटकते. हिंदीच्या 'चल रही है'ची ही छाया आहे असे म्हणून तिकडचे लोक हसतातही. हसोत बापडे. 'इज रनिंग' समजावून द्यायला याच्याइतके नेमके मराठी मला तरी ठाऊक नाही, आणि जी बोली शुद्धलेखनाच्या वहीत लाल रेघ खाते तीच इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडावी, यात मला मौज वाटते.

मोटरीचे नाव निघालेच आहे. पंपाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर एक सूचना असते. 'डू नॉट रन द पंप ड्राय.' ज्याच्या डोक्यात रन म्हणजे धावणे एवढेच बसले आहे, तो ही ओळ अर्धवट वाचून सोडून देईल. अर्थ असा की विहिरीत पाणी नसताना पंप चालवू नका. विहीर आटल्यावर पंप तसाच कोरडा चालत राहिला की तो तापतो आणि जळतो, आणि एका क्रियापदाची किंमत शेतकऱ्याला दुरुस्तीच्या रोख पैशांत मोजावी लागते. त्यातही गंमत अशी की 'ड्राय रन' हे दोन शब्द कचेरीत गेले की त्यांचा अर्थ पालटतो. तिथे तो होतो रंगीत तालीम. जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या लसीकरणाआधी नागपूर जिल्ह्यातही असा 'ड्राय रन' झाला होता. लस न टोचता सगळी व्यवस्था करून पाहायची. पंपाच्या बाबतीत जे करू नये, तेच लसीच्या बाबतीत मुद्दाम करून पाहिले.

पंप 'रन' होतो, या यंत्राच्या अर्थाने 'रन'चा संसार विशेष फोफावला. इंग्लंडात गिरण्या, इंजिने, आगगाड्या आल्या, आणि या प्रत्येक नव्या वस्तूला 'सुरू असणे' सांगायला शब्द हवा होता. तो भार 'रन'ने उचलला. यंत्र रन होते म्हणून यंत्रवाला ते रन करतो, आणि मग दुकान, शाळा, खानावळ, राज्य, सगळेच 'रन' करायचे झाले. आपल्याकडे १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, तेव्हा मराठीलाही हाच प्रश्न पडला असणार. पण मराठी माणूस गिरणीला 'धावते' म्हणाला नाही. तो म्हणाला, गिरणी चालते. कारण त्याच्याकडे मोट आधीपासून चालत होती, तेलाचा घाणा चालत होता, रहाट चालत होता. मोट आणि घाणा तर बैलाच्या पावलांनी चालणारे. त्या पावलांची चाल यंत्राने उचलली आणि आजतागायत सोडली नाही. घड्याळ चालते, पंखा चालतो, आणि मौद्याजवळचे २३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, तेही चालतेच. त्याच केंद्रातला इंग्रजी फलक म्हणेल 'युनिट रनिंग'. एकच जनित्र, इंग्रजीत धावते आणि मराठीत चालते.

या एका धाग्याने पाहिले तर दोन्ही भाषांत केवढा प्रदेश समोरासमोर येतो! दुकान चालते, शाळा चालते, खटला चालतो, नाटकाचे प्रयोग चालतात, घर चालवायचे असते. या सर्व ठिकाणी इंग्रजीत बहुतेक निर्धास्तपणे 'रन' घालावा. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या शब्दांतही हाच खेळ आहे. लॅटिनमध्ये धावण्याला 'कुर्रेरे' म्हणत. त्यावरून इंग्रजीत 'करंट' आला, म्हणजे धावता, आणि बँकेतल्या 'करंट अकाउंट'ला आपण म्हणतो चालू खाते. त्यावरूनच 'करन्सी' आली, आणि तिला आपण म्हणतो चलन. शाळेचा 'करिक्युलम' मुळात धावणे, शर्यत, आणि आपला अभ्यासक्रम? 'क्रम' म्हणजे पाऊल टाकणे. तेव्हा साहेबाचा विद्यार्थी शर्यतीत धावतो आणि आपला पावलापावलाने जातो. आपल्या घरी पुडके आणून देणारा 'कुरिअर'ही मूळचा धावणाराच, जुन्या मराठीतला हरकारा. बरे, मघाशी 'रीति'चे मूळ सांगितले ते आठवा आणि 'चालीरीती' हा जोडशब्द म्हणून पाहा. एका पोटात चालणे आहे, दुसऱ्या पोटात प्रवाह.

पण सोयरीक जमली म्हणून सगळा गोतावळा एक होत नाही. 'चालेल' हा शब्द घ्या. चहा चालेल का? चालेल. उद्या आलो तर चालेल? चालेल. या 'चालेल'पाशी 'रन'चा काडीचा संबंध नाही. इंग्रज तिथे 'डू' वापरतो. 'माझे घरात काही चालत नाही' हे हताश उद्गार 'रन'ने सांगता येत नाहीत, आणि 'चालता हो' याचे भाषांतर 'रन'ने करू गेल्यास रागाची जागा भीती घेते, कारण 'रन!' म्हणजे 'पळ!' 'चालू माणूस' म्हणजे बनेल, पण 'रनिंग मॅन' म्हणजे नुसता धावणारा, बहुधा भला गृहस्थ. उलट ताप 'रन' होतो असे इंग्रज म्हणतो, आपल्याकडे ताप येतो, चढतो, भरतो, पण चालत मात्र नाही. धोका तो 'रन' करतो, आपण पत्करतो.

विशेषण झालेला 'रनिंग' तर आपल्या बाजारात ठाण मांडून बसला आहे, आणि इथे चूक महागात पडते. सुताराकडे 'रनिंग फूट' ऐकू येतो. म्हणजे लांबीचा सलग फूट, रुंदी जमेस न धरता. तो चौरस फूट समजून दर ठरवला की भांडण ठरलेले. बांधकामाच्या ठेकेदारीत 'रनिंग बिल' असते. हे बिल कोणी 'धावते देयक' म्हणून मांडले तर वाचणाऱ्याला वाटेल की ते झटपट मिळते. ते किती धावते हे ठेकेदारांनाच विचारा. त्याचा अर्थ असा की काम चालू असताना, झाले तेवढ्यापुरते, अंतिम हिशेबाच्या पोटात काढलेले बिल. शेवटच्या बिलात ती रक्कम जमेस धरून वजाबाकी व्हायची असते. नव्या ठेकेदाराने हे पैसे हाती पडताच हिशेब मिटला असे मानून खर्च केले, तर शेवटच्या मोजमापाच्या वेळी त्याला घाम फुटेल. इथला 'रनिंग' म्हणजे धावता नव्हे, 'चालता'. त्याला 'चालू' म्हटले की सगळे स्पष्ट होते. 'थ्री डेज रनिंग' म्हणजेही ओळीने तीन दिवस. तीन दिवस धावत, असे मात्र नाही.

आकाशवाणीवरून क्रिकेटच्या सामन्याचे वर्णन होऊ लागले, तेव्हा 'रनिंग कॉमेंटरी'ला मराठीत 'धावते समालोचन' म्हणू लागले. शब्द रुळला, गोड झाला, त्याच्याशी माझे वैर नाही. पण मूळ इंग्रजीतला भाव 'खेळाबरोबर अखंड चालणारे' असा आहे. मराठीत मात्र धावत्या भेटीत आणि धावत्या आढाव्यात घाईची छटा आली आहे, वरवर पाहिल्याची. इंग्रजीतला 'रनिंग' खंड पडू देत नाही, आणि मराठीतला 'धावता' नेमका थांबायला तयार नसतो. याच शब्दाचा एक योग्य उपयोग जुन्या कागदांत दिसतो. भोसल्यांच्या दप्तरातली मोडी, हात शक्य तितका न उचलता लिहायची, म्हणून तिला धावती लिपी म्हणतात, आणि इंग्रजही तशा वळणाला 'रनिंग हँड' म्हणे. तिथे दोन्ही अर्थ एका जागी भेटले. मोडी अखंडही होती आणि घाईचीही होती.

राहता राहिली ती शेपटी लागलेली रूपे. 'रन आउट' म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते आणि 'धावबाद' हा सुरेख शब्द आठवतो. पण घरात 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर' असे कोणी म्हटले, तर साखर धावबाद झालेली नसते, ती संपलेली असते. इथे पुन्हा पाणीच आहे. मडक्यातले पाणी वाहून गेले, तळ दिसला. 'रन ओव्हर' म्हणजे भांडे भरून ऊतू जाणे, आणि राजमार्गावर त्याचाच अर्थ कोणी चाकाखाली येणे. 'रन इनटू' म्हणजे धडकणे, तसेच जुना मित्र अवचित भेटणे. 'रन डाउन' म्हणजे माणसाची निंदा करणे, आणि घड्याळाची चावी उतरणे. यांची यादी करीत बसलो तर सभा उठून जाईल. क्रियापदामागे येणारा छोटा शब्द दिशा दाखवतो, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मे काम होते.

मग हे शिकवायचे कसे? कोशातून, असे आपण सहज म्हणतो. मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. तेव्हापासून आपल्याकडे कोशांची वाण नाही. नागपूर जुन्या प्रांताची राजधानी असताना, स्वातंत्र्याच्या सुमारास, डॉ. रघुवीर यांनी इथे राहून इंग्रजी परिभाषेला हजारो संस्कृतोद्भव प्रतिशब्द घडवले. पुढे १९६० साली महाराष्ट्राचे भाषा संचालनालय निघाले आणि १९६२ साली पदनाम कोश आला. ही कामे मोठी आहेत. पण ती बहुतांशी नामांची आहेत. अधिकाऱ्याच्या पदाला, खात्याला, यंत्राच्या भागाला एकास एक शब्द देता येतो. 'रन'सारख्या क्रियापदाला एकास एक शब्द देता येत नाही, कारण त्याचा अर्थ त्याच्या स्वतःच्या पोटात थोडा आणि शेजारी बसलेल्या नामात फार असतो. म्हणून मास्तरांना माझी विनंती आहे की मुलांच्या वहीत 'रन = धावणे' असे बरोबरचे चिन्ह घालूच देऊ नये. त्याऐवजी 'नोज रन्स, नाक वाहते', 'पंप रन्स, पंप चालतो', 'रोड रन्स, रस्ता जातो' अशी जोडीजोडीने ओळ लिहून घ्यावी. अशा वीस ओळी झाल्या की एकविसावी मुलगा स्वतः ओळखतो. याला नवे पुस्तक लागत नाही, खडू पुरतो.

जाता जाता निवडणुकीचे पाहू, कारण तिथे तिघांचे तीन ढंग दिसतात. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' होतो, धावतो. इंग्लंडातला 'स्टँड' होतो, उभा राहतो. एकाच भाषेचे दोन देश, आणि एकाचा उमेदवार धावतोय तर दुसऱ्याचा उभा आहे. मराठी उमेदवार इंग्लंडच्या चालीने उभा राहतो, वर निवडणूक लढवतोही. मते मिळाली तर तो निवडून येतो. नाही मिळाली तर इंग्रजीत तो हरतो इतकेच. मराठीत उभा राहिलेला असल्यामुळे तो पडतो.